ईश्वरसाक्ष वगैरे

श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचा पहिला विनोदी लेख १९०२ साली ‘विविधज्ञानविस्तार’मध्ये आला. त्याचे नाव ‘साक्षीदार’. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे आपल्याकडे म्हणतात, आणि मराठी विनोदी लेख जन्माला आला तो थेट त्याच पायरीवर.

कोल्हटकर पेशाने वकील. जन्म नागपूरचा, वकिली वऱ्हाडातली, खामगाव-जळगाव जामोदकडची. सकाळी कुळांच्या कैफियती ऐकायच्या, दुपारी साक्षीदार तपासायचे, आणि उरलेल्या वेळात नाटके लिहायची, ज्योतिर्गणित करायचे, विनोद करायचा. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या या त्रिकुटाला हाताशी धरून त्यांनी पुढे जे लिहिले ते ‘सुदाम्याचे पोहे’ या नावाने महाराष्ट्राने चवीने खाल्ले, आणि ज्यांच्यावर लिहिले होते त्यांना ते बरेच दिवस पचले नाही. याच माणसाने महाराष्ट्रगीत लिहिले आणि याच माणसाने ‘चोरांचे संमेलन’ही लिहिले. एकाच दौतीतून दोन्ही कसे उतरले, याचे मला शाळेत असताना कोडे पडे. आता पडत नाही. महाराष्ट्राचे वर्णन पूर्ण करायचे तर दोन्ही लागणारच.

हल्लीच्या विनोदी लेखकांची एक ठरलेली तक्रार असते. पुढारीच इतके विनोदी झालेत की आम्ही लिहायचे काय, अतिशयोक्तीला जागाच उरली नाही! ही तक्रार मला आळशीपणाची वाटते. कोल्हटकरांच्या भात्यात अतिशयोक्ती होती, कोट्या होत्या. पण सगळ्यांत जालीम बाण वकिलीतून आलेला होता. समोरचा सांगतो ते खरे धरायचे. अर्ध्यावर सोडायचे नाही, शेवटपर्यंत खरे धरायचे, आणि मग तो कुठे जाऊन पडतो ते शांतपणे बघायचे. साक्षीदाराला भर कोर्टात ‘तू खोटारडा आहेस’ म्हणून ओरडणारा वकील कच्चा. मुरलेला वकील चष्मा पुसत म्हणतो, “बरं. तुम्ही म्हणता तसंच. मग पुढं काय झालं?”

आजच्या राजकीय लबाडीला हाच बाण लागू पडतो. कारण जुना पुढारी सरळ थाप मारायचा. गावात कालवा आणतो म्हणायचा, पुढच्या निवडणुकीला तोच कालवा पुन्हा आणायचा. त्याची थाप निदान उघडी पडायची तरी. नवा पुढारी थापेच्या भानगडीत पडत नाही. तो प्रतिज्ञापत्र सादर करतो. त्याच्याजवळ कागद असतो, कागदावर शिक्का असतो, शिक्क्यावर नोटरीची सही असते, आणि त्यातले एकेक वाक्य तपासले तर कायद्याच्या दृष्टीने सुखरूप असते. सगळी वाक्ये एकत्र वाचली म्हणजेच काय ती पंचाईत होते. तेव्हा त्यांच्यावर ओरडण्यात अर्थ नाही. आपण थोडा वेळ त्यांचे सगळे खरे मानू.

सुरुवात उमेदवारी अर्जापासून. सर्वोच्च न्यायालयाने २००२ आणि २००३ साली दिलेल्या निकालांमुळे प्रत्येक उमेदवाराला आपली मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि अंगावरचे खटले शपथेवर जाहीर करावे लागतात. या कागदाला ‘नमुना २६’ म्हणतात. तो कोणालाही वाचायला मिळतो, आणि ज्यांना मराठी कथा संपली असे वाटते त्यांनी तो जरूर वाचावा. व्यवसायाच्या रकान्यात बहुधा ‘शेती व समाजसेवा’ असते. खरे मानू. कापसाला भाव नाही, सोयाबीन पाण्यात गेले, कांदा रस्त्यावर ओतावा लागला, अशा पाच वर्षांत शेतीवर आणि समाजसेवेवर एखाद्याची मालमत्ता दुप्पट-तिप्पट होत असेल, तर अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने स्वतःच्या प्रक्षेत्रावरची शिवारफेरी बंद करून ती या शेतांवर न्यायला हवी. कोणते बियाणे, कोणते खत, दोन ओळींत अंतर किती? आणि उत्पन्नातला शेतीचा वाटा किती, समाजसेवेचा किती, हेही कळले पाहिजे. समाजसेवेला जर एकरी उतारा जास्त असेल, तर शेतकरी उगाच बैल पाळत बसलाय.

पुढे वाहनांचा रकाना येतो. तिथे सरकारी मराठीतला तो अत्यंत सुंदर शब्द दिसतो: निरंक. साहेबांच्या नावावर वाहन नाही. हेही खरे मानू. मग ज्याच्यापुढे चार आणि मागे आठ काळ्या गाड्या धावतात, ज्याच्यासाठी रुग्णवाहिकाही बाजूला उभी राहते, तो माणूस प्रत्यक्षात नाक्यावर उभा राहून लिफ्ट मागत फिरतो असाच अर्थ निघतो. बारा गाड्यांच्या मालकांना एकाच वेळी दया येते, ही महाराष्ट्राच्या संतपरंपरेची पुण्याई. दागिन्यांचेही तसेच. बहुतेक सोने सौभाग्यवतींकडे असते, घर आईच्या नावे असते, कंपनीत मुलगा असतो. सगळ्या कुटुंबात एकच माणूस फकीर, आणि नेमका तोच निवडणुकीला उभा राहतो! गरिबाला राजकारणात स्थान नाही म्हणणाऱ्यांनी हा कागद वाचलेला नाही.

पण खरा खजिना आहे तो निवडणूक खर्चाच्या हिशेबात. विधानसभेच्या उमेदवाराला आपल्याकडे ४० लाख रुपयांपर्यंत खर्च करता येतो, लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख. निकाल लागल्यापासून ३० दिवसांत पै-पैचा हिशेब द्यायचा. उमेदवाराने खर्च दडवू नये म्हणून जिल्हा निवडणूक कार्यालय आधीच दरपत्रक काढते. चहाचा कप केवढ्याला, वडापाव केवढ्याला, पोह्यांची प्लेट केवढ्याला, खुर्चीचे भाडे काय, फेटा बांधण्याचे काय, ढोलपथकाचे काय, सगळे ठरलेले. ज्या राज्यात कांद्याचा भाव कोणाला ठरवता आलेला नाही त्या राज्यात सभेतल्या चहाचा भाव एका सहीने ठरतो, याचे मला फार कौतुक वाटते. सरकारी कॅमेरा सभेत फिरतो, खुर्च्या मोजतो, मागून एक कारकून कप मोजतो. सुदाम्याच्या पोह्यांचे मोल प्रत्यक्ष श्रीकृष्णालाही नेमके करता आले नाही, त्याने अंदाजाने सोन्याची नगरी देऊन टाकली. आमचा निवडणूक अधिकारी प्लेटनिशी दर लावून मोकळा होतो.

आता हा हिशेब खरा मानून प्रचार डोळ्यांपुढे आणा. जेसीबीच्या सुपातून फुलांचा पाऊस पडतो आहे. क्रेनने उचललेला, दोन मजले उंचीचा हार खाली येतो आहे आणि त्याच्या मधोमध उमेदवार, पिंडीवरच्या बेलपानासारखा, जेमतेम दिसतो आहे. हिशेबात ही घटना ‘हार, नग १’ अशी बसते. फुले कार्यकर्त्यांनी प्रेमाने आणली. जेसीबी तिकडून चालला होता. रात्री धाब्यावर जी गर्दी जेवली ती ज्याच्या त्याच्या खिशातून जेवली, आणि मतदानाच्या आदल्या रात्री वस्तीत जे कोणी दारोदार फिरले ते मतदारांच्या चिठ्ठ्या वाटत होते. चिठ्ठीला पाकीट कशाला, हा प्रश्न विचारणारा मनुष्य मुळातच संशयी.

शिवाय कायद्याने एक खिडकी उघडी ठेवलेली आहेच. मर्यादा उमेदवाराला आहे, पक्षाला नाही. पक्षाच्या ज्या बड्या वक्त्यांची यादी आयोगाला दिलेली असते, त्यांच्या विमान-हेलिकॉप्टरचा प्रवास उमेदवाराच्या डोक्यावर चढत नाही. म्हणजे आकाशातून येणारा खर्च पक्षाचा आणि जमिनीवरचा चहा उमेदवाराचा. वेदान्तात आत्मा आणि देह असा भेद सांगितला आहे तो मला कधी नीट समजला नव्हता, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ७७ व्या कलमाने समजला.

या सगळ्या व्यवहारात एकदा एक विपरीत गोष्ट घडली. २०१३ साली मुंबईतल्या एका कार्यक्रमात गोपीनाथ मुंडे भाषणाच्या ओघात बोलून गेले की २००९ च्या लोकसभा निवडणुकीत आपला ८ कोटी रुपये खर्च झाला. त्या वेळी मर्यादा होती २५ लाख. सभागृहात कोणी चमकले असेल असे वाटत नाही. ऐकणारे बहुतेक राजकारणातलेच असतील तर काहींना तो आकडा काटकसरीचाही वाटला असेल. पण निवडणूक आयोग चमकला. नोटीस निघाली. पुढे खुलासा झाला, प्रकरण यथावकाश थंडावले. मला त्यातला न्याय बघा किती नाजूक वाटतो. मर्यादेच्या आतले हिशेब त्या निवडणुकीत देशभरातून आयोगाकडे आले, ते सगळे दप्तरी दाखल झाले. नोटीस गेली ती व्यासपीठावर मोकळेपणाने बोलणाऱ्याला. तेव्हापासून व्यासपीठावर आकडे सांगण्याची चाल बंद पडली आहे.

त्याच वर्षी, म्हणजे २००९ मध्ये, विधानसभेच्या निवडणुकीत आणखी एक नमुना घडला. तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी वृत्तपत्रांतील जाहिरातींवर आपला खर्च ५,३७९ रुपये दाखवला. त्याच काळात त्यांची स्तुती करणारी पानेच्या पाने निरनिराळ्या मराठी दैनिकांत छापून येत होती. त्यातला एक लेख तर वेगवेगळ्या दैनिकांत शब्दशः तोच होता, लेखकांची नावे तेवढी वेगळी. प्रकरण आयोगाकडे गेले, पुढे दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि साहेब सुटले. त्यामुळे ती जाहिरात होती असे मी म्हणत नाही, तसे म्हणायची माझी प्राज्ञाही नाही. ती बातमी होती. आता बातमी म्हणून खरी मानू. तर निरनिराळ्या शहरांतल्या निरनिराळ्या वार्ताहरांना, एकमेकांशी न बोलता, एकाच नेत्याविषयी, स्वल्पविरामासकट तेच शब्द सुचले. कोल्हटकर वकिलांपुढे असे साक्षीदार आले असते तर त्यांनी उलटतपासणी घेतलीच नसती. तीन साक्षीदार एकच वाक्य एकाच सुरात म्हणाले की पढवणाऱ्याचे नाव विचारायची गरज राहत नाही.

पैशाचा विषय वाढवावा तेवढा वाढतो. पक्षांतराकडे वळतो.

पक्ष बदलणारा प्रत्येक माणूस एक कारण सांगतो: कार्यकर्त्यांचा आग्रह. याचे खरे मानले की महाराष्ट्रातला कार्यकर्ता हा किती जुलमी प्राणी आहे याची कल्पना येऊन अंगावर काटा येतो. साहेबांना काही नको असते. त्यांना गावी जाऊन द्राक्षाच्या बागेत बसायचे असते. पण कार्यकर्ते रात्री-अपरात्री येतात, वाड्याला वेढा घालतात आणि म्हणतात, “साहेब, पक्ष बदला नाहीतर आम्ही जेवणार नाही.” साहेब रडत रडत दुसऱ्या पक्षाच्या कार्यालयात जातात. तिथे गळ्यात नवा गमछा पडतो. गमछा घालताना त्यांच्या चेहऱ्यावर हसू दिसते ते कार्यकर्त्यांचा मान राखण्यासाठी. पुढे त्याच कार्यकर्त्यांना फलकावरचे जुने नेते खरवडून काढून नवे चिकटवावे लागतात. त्यातले दोन-चार चेहरे गेल्याच महिन्यात त्यांनी चपलेने बडवलेले असतात.

दुसरे कारण म्हणजे घुसमट. आधीच्या पक्षात गेली पंचवीस वर्षे आपली घुसमट होत होती, असे माणूस मंत्रिपद, कारखाना, दूधसंघ, जिल्हा बँक आणि तीन शिक्षणसंस्था सांभाळत सांगतो. पंचवीस वर्षे श्वास कोंडलेला असताना इतके काम करणारा माणूस मोकळा श्वास घेतल्यावर काय करील, या विचाराने जिल्ह्याची झोप उडायला हवी. तिसरे कारण मतदारसंघाचा विकास. या कारणाला मी हसत नाही, कारण ते तीन कारणांतले त्यातल्या त्यात खरे आहे. निधी सत्तेकडून येतो आणि सत्तेबाहेरच्या आमदाराची फाइल मंत्रालयात कोणत्या मजल्यावर विश्रांती घेते हे सर्वांना ठाऊक आहे. मात्र हे खरे मानले तर निवडणूक घ्यायचीच कशाला, असा एक आगाऊ प्रश्न उभा राहतो.

१९६७ साली हरियाणात गया लाल नावाच्या आमदारांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि ‘आयाराम गयाराम’ हा शब्द देशाला मिळाला. बिचाऱ्यांनी ते एकट्याने केले, हीच त्यांची चूक. १९८५ साली बावन्नावी घटनादुरुस्ती झाली, घटनेला दहावी अनुसूची जोडली गेली आणि पक्षांतराला बंदी आली. बंदी कशी, तर एकट्यादुकट्याने पक्ष सोडला तर आमदारकी जाईल. पण एक तृतीयांश लोकांनी मिळून सोडला तर ती फूट, आणि फुटीला माफी. म्हणजे किरकोळ विक्रीस मनाई, घाऊक व्यापारास मुभा. मधू लिमयांसारख्या माणसाने तेव्हाच हे ओळखून विरोध केला होता, पण नाही म्हणणाऱ्यांचे आपल्याकडे ऐकून घेतात, एवढेच. २००३ साली एक्क्याण्णवाव्या दुरुस्तीने एक तृतीयांशची सवलत काढून टाकली. आता दोन तृतीयांश लागतात, आणि तेही दुसऱ्या पक्षात विलीन व्हायचे असेल तर. कायदा असा कडक होत गेला तसतसा माल मोठ्या गाड्यांतून जाऊ लागला.

जून २०२२ मध्ये शिवसेनेच्या फुटीर आमदारांच्या रूपाने तो सुरतेला गेला आणि तिथून गुवाहाटीला. शिवाजी महाराजांच्या सुरतेच्या स्वारीचा इतिहास पाठ असलेल्या महाराष्ट्राला, सुरतेला जाऊन काही आणण्याऐवजी आपणच तिथे जमा होण्याची ही पद्धत नवी होती. त्या दिवसांत मुंबईत आणि गुवाहाटीत मिळून किती निवेदने, पत्रे, ठराव आणि ध्वनिफिती निघाल्या याची गणती नाही. विचार, निष्ठा, अस्मिता, बाणा, सगळे शब्द मैदानात उतरले होते. त्यातले आज कोणाला काय आठवते? सांगोल्याच्या आमदारांनी फोनवर केलेले तिथल्या झाडीचे, डोंगरांचे आणि हॉटेलाचे कौतुक. महाराष्ट्राने ते डोक्यावर घेतले, त्याची गाणी झाली, टी-शर्ट निघाले. लोक त्याला हसले असे वर्तमानपत्रांनी लिहिले, पण मला तसे वाटत नाही. त्या सबंध प्रकरणात डोळ्यांनी पाहिलेले आणि मनापासून बोललेले ते एकच वाक्य होते, त्याचा लोकांना आनंद झाला.

मग सुरू झाले कागद. खरा पक्ष कोणाचा, हे ठरवायला दोन्ही बाजूंनी निवडणूक आयोगापुढे प्रतिज्ञापत्रांचे गठ्ठे नेले. लाखांनी नेले. गावोगावच्या नोटरींना असे सुगीचे दिवस क्वचितच आले असतील. प्रत्येक शिवसैनिकाने स्टॅम्पपेपरवर लिहून दिले की मी खराच शिवसैनिक आहे. बाळासाहेबांच्या काळात हे सिद्ध करायला आवाज पुरत असे. फेब्रुवारी २०२३ मध्ये आयोगाने निकाल दिला तो आमदार-खासदार कोणाकडे जास्त हे बघून. गठ्ठे जिथे होते तिथे राहिले. ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावली ते योग्य नव्हते. परंतु मुख्यमंत्र्यांनी चाचणीआधीच राजीनामा दिला असल्याने त्यांना पुन्हा बसवता येत नाही. म्हणजे घर चुकीने पाडले हे मान्य, पण तुम्ही आधीच बाहेर येऊन उभे राहिलात, आता आत पाठवायचे कुठे?

या नाटकाचा शेवटचा प्रवेश मात्र असा आहे की तो कोल्हटकरांना सुचला असता तर ‘फारच ताणले’ म्हणून त्यांनी खोडला असता. दोन्ही गटांनी एकमेकांच्या आमदारांविरुद्ध अपात्रतेचे अर्ज केले होते. हे म्हणत होते, ते पक्ष सोडून गेले. ते म्हणत होते, हे पक्ष सोडून गेले. १० जानेवारी २०२४ ला विधानसभेच्या अध्यक्षांनी निकाल दिला. एक गट खरा पक्ष ठरला. आणि अपात्र? कोणीही नाही. इकडचे नाही, तिकडचे नाही. पुढच्याच महिन्यात, १५ फेब्रुवारीला, राष्ट्रवादी काँग्रेसच्या दोन गटांचा निकाल आला. अपात्र कोणीही नाही.

हेही खरे मानू, आणि हे मानायला तर विधानसभेच्या अध्यक्षांचा निकालच हाताशी आहे. दोन पक्ष फुटून चार झाले, एक सरकार गेले, दुसरे आले, धनुष्यबाण गेला, मशाल आली, घड्याळ गेले, तुतारी आली, आणि या सर्व काळात महाराष्ट्रात एकाही माणसाने पक्ष सोडला नाही. सगळे जिथल्या तिथे होते. मग हलले काय? मी बराच विचार केला. माणसे जागच्या जागी असतील तर पक्षच उठून गेले असणार. रात्री साहेब झोपलेले, उशाशी पक्ष. सकाळी बघतात तर पक्ष शेजारच्या बंगल्यात. यात साहेबांना दोष कसा द्यावा? दहाव्या अनुसूचीत पक्ष सोडणाऱ्या आमदाराला शिक्षा आहे, आमदाराला सोडून जाणाऱ्या पक्षाला नाही. ही उणीव पुढच्या घटनादुरुस्तीत भरून निघावी.

कोणाला वाटेल की मी एकाच बाजूची फजिती करतो आहे. तसे करून परवडणार नाही, कारण बाजू केव्हा बदलेल सांगता येत नाही. लेख छापून येईपर्यंत निम्मी विशेषणे चुकीच्या माणसांना लागायची. म्हणून २०१९ चा हिशेबही बघू. भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. पहिल्या दोघांनी एकत्र मते मागितली आणि निकालानंतर त्यांचे बिनसले, कारण बंद खोलीत काय ठरले होते याविषयी दोघांच्या आठवणी वेगळ्या निघाल्या. बंद खोलीत तिसरा कोणी नव्हता. कोल्हटकर वकिलांच्या काळात जमिनीचे असे व्यवहार निदान झाडाखाली होत, गुराखी तरी साक्षीला मिळे.

२३ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट उठली ती पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी. त्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठक लागते, पण तातडी असेल तर कामकाज नियमांतला बारावा नियम पंतप्रधानांना बैठकीशिवाय निर्णय घेऊ देतो. तो वापरला गेला. राज्य झोपेतून उठून दुधाची पिशवी आत घेईपर्यंत राजभवनात शपथविधी उरकलाही. ज्योतिर्गणिताच्या अभ्यासकाने हा मुहूर्त जरूर तपासला असता, कारण इतक्या अचूक वेळेचे सरकार तीन दिवसांच्या वर काही तासच टिकले. २८ तारखेला शिवाजी पार्कावर दुसरे सरकार आले. ते एकमेकांविरुद्ध मते मागितलेल्या पक्षांचे होते आणि त्यांनी किमान समान कार्यक्रम जाहीर केला. त्यातले किमान काय होते ते सगळ्यांना दिसले. समान काय होते याचा शोध त्या पक्षांचे कार्यकर्ते अजून घेत असतात.

या दोन्ही शपथविधींत आणि त्यानंतरच्या सगळ्याच शपथविधींत एक शब्द खणखणीत उच्चारला गेला: ईश्वरसाक्ष. ज्याला ईश्वर नको त्याला ‘गांभीर्यपूर्वक’ म्हणायची सोय घटनेने ठेवली आहे, पण आमच्या पुढाऱ्यांचा ओढा ईश्वराकडे. मला वाटते, साक्षीदारांवर पहिला लेख लिहिणारा वकील इथेच थबकला असता. इतका चांगला साक्षीदार त्याने उभ्या वकिलीत पाहिला नसेल. त्याला भत्ता द्यावा लागत नाही. समन्स लागू होत नाही. तो उलटतपासणीला उभा राहत नाही. त्याने सगळे पाहिलेले असते, बंद खोलीतलेसुद्धा, आणि तरी तो कधी फितूर होत नाही. एकाच माणसाने वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या बाजूने त्यालाच साक्षीला बोलावले तरी हरकत घेत नाही. जगातला कोणताही साक्षीदार तिसऱ्या खेपेला म्हणाला असता, अहो, मागच्या वेळी तुम्ही मला काय सांगितले होते?

समजा, असा एखादा पुढारी आज खामगावच्या त्या कचेरीत आला. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, मागे दोन अंगरक्षक, दाराशी निरंक गाड्या. वकील त्याला समोरच्या बाकावर बसवतात.

“बसा रावसाहेब. दावा उद्या बोर्डावर आहे. तुमची जबानी एकदा घोटून घेऊ.”

“घोटायला काही नाही, वकीलसाहेब. आपलं सगळं स्पष्ट असतं.”

“पक्ष कोणता सांगाल?”

“मूळ.”

“मूळ म्हणजे?”

“मी ज्यात असतो तो.”

“मागच्या साली तुम्ही दुसऱ्यात होतात, असं समोरचा वकील काढील.”

“पक्ष दुसरा होता. मी तोच होतो.”

“तुम्ही पैसे घेतलेत म्हणतील.”

“सिद्ध करा म्हणावं. सिद्ध झालं तर राजकारण सोडीन.”

“आणि झालंच सिद्ध?”

“मग ती सूडबुद्धी.”

“या पक्षाच्या नेत्यांना तुम्ही भर सभेत दरोडेखोर म्हणालात. भाषण छापून आलंय.”

“विपर्यास केला.”

“चित्रफीत आहे.”

“ती एआयनं केली.”

वकील दौत पुढे ओढतात, लिहायला घेतात, आणि टाक तसाच धरून त्या माणसाकडे बघत राहतात. इतक्या वर्षांत एकही शब्द पढवावा न लागलेला हा त्यांचा पहिलाच अशील.

“बरं, फीचं कसं करायचं?”

“फी माझ्या नावावर नको. माझ्या मर्यादेत आता फक्त चहा बसतोय. तुम्ही पक्षाच्या खर्चात धरा.”

“कोणत्या पक्षाच्या?”

“बिल कधी पाठवताय?”